नारा दूर, अजिंठा जवळ



दर रविवारी सायंकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांचा वर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने मोबाइलवर जपानमधील नारा शहराची चित्रफीत सर्वांना दाखविली. लाकडाचे अवाढव्य विहार, पन्नास फूट उंचीची बुद्धमूर्ती आणि रस्त्यात माणसांपुढे मान लववणारी हरणे! चित्रफीत संपल्यावर तिने विचारले, "आपण कधी जायचं?"

मोठी माणसे हसली. आमच्यापैकी कोणी नांदेडच्या मोंढ्यात हमाली करतो, कोणी अंगणवाडीत काम करते, कोणी रिक्षा चालवितो. लातूरचे आमचे सोयरे डाळ मिलमध्ये आहेत. विमानाच्या तिकिटाचा नुसता आकडा ऐकूनच छाती दडपते. पण त्या हसण्याची मागाहून आम्हालाच लाज वाटली. मुलीने वावगे काय विचारले होते? म्हणून आम्ही ठरविले की, जाणे जमो वा न जमो, नाराची माहिती तरी मिळवायची. ती मिळविता मिळविता लक्षात आले की, नाराची वाट आपल्या मराठवाड्याच्या अंगणातूनच जाते. मग दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नांदेडची चार आणि लातूरची तीन कुटुंबे अजिंठ्याला जाऊन आलो. त्याचा हा वृत्तांत.

नारा म्हणजे काय?

इ.स. ७१० ते ७८४ या काळात नारा ही जपानची राजधानी होती. तेथील तोदाइजी विहारात वैरोचन बुद्धांची सुमारे १५ मीटर उंचीची कांस्यमूर्ती आहे. सम्राट शोमू यांनी इ.स. ७४३ मध्ये ती घडविण्याचा संकल्प जाहीर केला. कोणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन आला तरी त्याचे साहाय्य स्वीकारावे, असे त्या आज्ञापत्रात म्हटले होते. गावोगाव फिरून लोकांना या कामात सामील करून घेतले ते ग्योकी या भिक्खूंनी. हे ग्योकी पूल बांधीत, तळी खोदीत, गोरगरिबांत वावरत. सुरुवातीला सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले होते. पुढे त्याच सरकारने त्यांना सर्वोच्च भिक्खुपद दिले.

इ.स. ७५२ मध्ये मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखाटण्याचा सोहळा झाला. ती कुंची हाती धरली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूंनी. ते चीनमार्गे इ.स. ७३६ मध्ये जपानला पोहोचले होते. कुंचीला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेले लोक त्या दोऱ्या धरून उभे होते. म्हणजे हात एकाचा, पण डोळे उघडले सर्वांनी मिळून.

हा विहार इ.स. ११८० मध्ये जळाला, १५६७ मध्ये पुन्हा जळाला. लोकांनी पुन्हा पुन्हा वर्गणी काढून तो उभा केला. आजची इमारत १७०९ साली पूर्ण झालेली आहे. मूळ इमारत याहून मोठी होती.

होर्युजी आणि अजिंठा

नारा शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर होर्युजी हा विहार आहे. राजपुत्र शोतोकु यांनी तो इ.स. ६०७ मध्ये स्थापन केला. जगात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती येथे आहेत. मुख्य सभागृहाच्या भिंतींवर बारा मोठी चित्रे होती. त्यांतील बोधिसत्त्व आणि अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी यांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर सख्खे भाऊ वाटावेत! तीच झुकलेली मान, तेच अर्धे मिटलेले डोळे. ही शैली भारतातून मध्य आशिया आणि चीनमार्गे जपानला पोहोचली.

आराई कांपो नावाचे जपानी चित्रकार रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. त्या मुक्कामात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अजिंठ्याच्या अंधारात बसून तेथील चित्रांच्या प्रती केल्या. त्या प्रती टोकियोला नेल्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनला जळाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली झालेल्या अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. तीन वेळा नक्कल केली आणि तिन्ही वेळा आगीने नेली. अजिंठ्याच्या भिंती मात्र जागेवरच राहिल्या.

होर्युजीच्या भिंती तितक्या सुदैवी नव्हत्या. तेथेही चित्रांच्या प्रती करण्याचे काम चालू असतानाच, २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे, सभागृहाला आग लागली. बाराशे वर्षांहून जुनी चित्रे होरपळून गेली. देशभर हळहळ झाली, पण जपानी लोक नुसते हळहळत बसले नाहीत. १९५० साली त्यांनी सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला. १९५५ पासून २६ जानेवारी हा दिवस वारशाचे आगीपासून रक्षण करण्याचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. त्या दिवशी जपानभर विहारांत आग विझविण्याची कवायत होते.

आणि २६ जानेवारी हा दिवस आपल्याला कशासाठी ठाऊक आहे, हे सांगायला नको. होर्युजी जळाला त्यानंतर बरोबर एक वर्षाने, २६ जानेवारी १९५० रोजी, बाबासाहेबांनी शिल्प दिलेले संविधान या देशात लागू झाले.

सहलीचाही हक्क मिळवावा लागला

काही जण म्हणतील, पोटापाण्याच्या चिंता असताना सहली कसल्या काढता? त्यांना आम्ही एकच गोष्ट सांगतो. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह सहलीला निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहावीत हा बेत होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ धुवावी म्हणून काहींनी किल्ल्याबाहेरच्या हौदावर हात-पाय धुतले. एवढ्यावरून हौद बाटला म्हणून आरडाओरड झाली, जमाव जमला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही! पहारा म्हणून सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरला प्रवासी म्हणून घोटभर पाणी मिळत नव्हते. मग आज आपली मुले तिकीट काढून, मान ताठ ठेवून लेणी पाहतात, ही काय लहान गोष्ट आहे? ही चैन नव्हे. बाबासाहेबांचा जो प्रवास अडविला गेला, तोच आपण पुढे नेतो आहोत.

आमचा प्रवास

बायकांनी चार महिने भिशी लावून पैसे जमविले. नांदेडची मंडळी रेल्वेने आणि लातूरची मंडळी एस.टी.ने छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला पोहोचली. मुक्काम ओळखीच्या विहारात केला. शिदोरीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून फुलंब्री, सिल्लोड करीत अजिंठ्याचा घाट उतरलो.

वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा कडा आहे आणि त्या कड्यात ओळीने लेणी कोरलेली आहेत. पहिली लेणी इसवी सनापूर्वीची, बाकीची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. १ क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी पाहिला आणि सर्वांच्या तोंडून एकदम निघाले, "अरे, हा तर जपानचा!" मुलीने लगेच दुरुस्ती केली, "जपानचा इथला आहे."

१७ क्रमांकाच्या लेण्यात भिक्षापात्र घेऊन दारी आलेले तथागत आणि त्यांच्यासमोर यशोधरा व लहानगा राहुल यांचे चित्र आहे. तेथे आमच्या बायका बराच वेळ उभ्या राहिल्या. कोणी काही बोलले नाही.

१० क्रमांकाच्या लेण्यात एक प्रसंग घडला. तेथील एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून आपले नाव कोरले आहे. त्या वेळी लेण्यात मातीचा ढीग साचलेला असल्यामुळे ते नाव आज डोक्याच्याही वर दिसते. हे ऐकताच आमच्यातल्या एका दहावीच्या मुलाने खिशातून खिळा काढला. त्याला भिंतीवर 'जयभीम' आणि खाली आपले नाव लिहायचे होते. सोबतच्या आजींनी त्याचा हात धरला.

"त्या सायबानं लिवलंय की," मुलगा म्हणाला.

या आजींनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आहे. त्या म्हणाल्या, "लेकरा, एवढा डोंगर फोडायला किती हात लागले असतील? त्या फोडणाऱ्यांनी नाव लिवलंय का कुठं? ज्यानं नुसतं बघितलं त्यानंच लिवलं. तू कुणाचा? फोडणाऱ्याचा का बघणाऱ्याचा?"

मुलाने खिळा खिशात घातला. परतीच्या वाटेवर त्याने तो नदीकाठी टाकून दिला.

२६ क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे. तेथे आम्ही हळू आवाजात त्रिसरण-पंचशील घेतले आणि खाली उतरलो.

जाणाऱ्यांसाठी

अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. खाजगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावरच थांबवावी लागतात. पुढचे चार किलोमीटर तेथील बसने जावे. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पायऱ्या बऱ्याच आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी डोली मिळते, मात्र भाडे आधी ठरवून घ्यावे. पाणी सोबत ठेवावे आणि शिदोरी खालीच सोडावी.

चित्रांच्या लेण्यांत चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात आणि फ्लॅशने फोटो काढण्यास बंदी आहे. ही बंदी उगाच नाही. भाताचा कोंडा आणि काड्या मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन ही चित्रे रंगविली आहेत. घामेजल्या हाताचा स्पर्श, श्वासाची वाफ आणि लख्ख उजेड या सर्वांनी ती झिजतात. म्हणून आतील गर्दीवर मर्यादा ठेवतात. थोडा वेळ थांबावे, ढकलाढकली करू नये. अंधारात शिरल्यावर दोन मिनिटे स्वस्थ उभे राहावे. डोळे सरावले की चित्र आपोआप समोर येते.

ज्यांना एवढे लांब जमणार नाही त्यांनी जवळून सुरुवात करावी. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात खरोसा येथे सहाव्या शतकाच्या सुमाराची लेणी आहेत. उदगीरला विश्वशांती बुद्ध विहार उभा राहिला असून राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ४ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचे लोकार्पण झाले. एका दिवसात जाऊन येता येते.

आणि नारा? त्यासाठी पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो. ओसाका शहरातून रेल्वेने तासाभराच्या आत नारा गाठता येते. वाट अवघड आहे, पण माहीत झाली आहे.

त्या मुलीने विहारात पत्र्याचा एक डबा आणून ठेवला आहे. त्यावर तिने खडूने 'नारा' लिहिले आहे. दर रविवारी कोणी दोन रुपये टाकतो, कोणी दहा. आमच्यापैकी किती जण जातील कोण जाणे. पण शिकूनसवरून एक मुलगी जरी गेली तरी तोदाइजीच्या मूर्तीसमोर उभी राहून ती म्हणेल की, या डोळ्यांची कुंची आमच्या देशाच्या भिक्खूंनी धरली होती.

तोपर्यंत आम्ही एक ठरविले आहे. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन आणि संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन झाल्यावर आमची मुले होर्युजीच्या आगीची गोष्ट सांगतील. आणि कोणत्याही लेण्याच्या, किल्ल्याच्या वा विहाराच्या भिंतीवर खिळा लावणार नाही, अशी प्रतिज्ञा घेतील. प्रतिज्ञा वाचून दाखविण्याचे काम त्या दहावीच्या मुलाने स्वतः मागून घेतले आहे.

आपल्याही विहारात हे करून पाहावे, ही विनंती.