तापविणे सोपे, निवविणे कठीण

चहाचे आधण पाच-सात मिनिटांत येते. तेच पाणी चुलीवरून उतरवून ठेवले, तर अर्ध्या तासानंतरही गरमच असते. प्रश्न साधा वाटतो. परंतु जेथे शंभर-दोनशे मुलांचे अन्न एकत्र शिजते, तेथे त्याचे उत्तर आरोग्याशी निगडित आहे. म्हणून त्याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

उष्णता निर्माण करता येते. थंडी निर्माण करता येत नाही. गॅस जळताच इंधनातील ऊर्जा उष्णतेच्या रूपाने मोकळी होते. थंड करणे म्हणजे मात्र पदार्थातील उष्णता काढून अन्यत्र नेणे. ती आपोआप केवळ अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते आणि तापमानांतील फरक जितका मोठा, तितकी वेगाने वाहते. गॅसची ज्योत दीड हजार अंश सेल्सिअसहून अधिक तप्त असते. निवविताना भोवतालची हवा 30 अंशांची. उकळत्या पाण्याशी तिचा फरक अवघा 70 अंशांचा, आणि तोही सतत घटणारा. बर्फ वापरला तरी हा फरक 100 अंशांपलीकडे जात नाही. शिवाय एक लिटर उकळते पाणी 20 अंशांवर आणण्यास सुमारे 800 ग्रॅम बर्फ लागतो. फ्रिजदेखील आतील उष्णता हळूहळू बाहेर टाकण्याचेच काम करतो.

भांडे मोठे झाले की अडचण वाढते. लांबी, रुंदी व उंची दुप्पट केल्यास भात आठपट मावतो. उष्णता बाहेर पडण्याचा पृष्ठभाग मात्र चौपटच होतो. त्यामुळे मोठ्या तपेल्याच्या मध्यभागी भात कित्येक तास कोमट राहतो. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान रोगजंतूंची वाढ होऊ शकते. भातातील बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात; कोमट भातात ते रुजतात. त्या जिवाणूंनी तयार केलेले, उलट्या घडविणारे विष अन्न पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही.

उपाय साधे आहेत. भात स्वच्छ परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवावा. वाफेबरोबर पुष्कळ उष्णता निघून जाते. वरण लहान पातेल्यांत वाटून ती गार पाण्यात ठेवावीत, वरण ढवळावे, पाणी बदलावे. निवताच अन्न फ्रिजमध्ये ठेवावे. ही सोय नसल्यास एका वेळी संपेल तितकेच रांधावे.