चेहरा मिळाला, नाव नाही

१८६२ सालचा ९ मार्च रविवारी आला होता. त्या सकाळी अमेरिकेच्या यादवी युद्धात हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ ही दोन चिलखती जहाजं चार तास एकमेकांवर तोफा डागत राहिली, आणि बुडालं कुणीच नाही. लाकडी आरमाराचे दिवस त्या दिवशी भरले, हे दरवर्षी छापून येतं. २०२५मध्ये तर ‘मॉनिटर’च्या अवशेषांभोवतीच्या सागरी अभयारण्याला ५० वर्षं झाली. मला मात्र त्या जहाजावरच्या एका पोराबद्दल सांगायचंय.

पोरगाच तो. वय १७ ते २४च्या मधलं, दात चांगले, नाक एकदा मोडलेलं. हे सगळं त्याच्या हाडांनी सांगितलं. २००२च्या ऑगस्टमध्ये जहाजाचा तोफांचा फिरता बुरूज समुद्रातून वर काढला, तेव्हा आतल्या गाळात दोन सांगाडे निघाले. त्यातला हा धाकटा.

त्याला चेहरा दिला लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं. तिथल्या मेरी मॅनहाइन यांना लोक ‘हाडंवाली बाई’ म्हणूनच ओळखत. कवटीच्या साच्यावर ठरावीक जागी छोट्या खुंट्या चिकटवायच्या. कपाळावर मांस पातळ, गालावर जाड. वय आणि वंश पाहून प्रत्येक खुंटीची उंची ठरते. मग त्या उंचीपर्यंत माती थापत जायचं. २०१२च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनमध्ये दोन्ही चेहऱ्यांचं अनावरण झालं, ओळखीचं कुणी पुढे येईल या आशेनं. कारागिरी थक्क करणारी आहे, पण मला तिचा थोडा धाक वाटतो. कवटी जबड्याची ठेवण सांगते. कानाची पाळी, केसांचा भांग, ओठांचा मुरका सांगत नाही. तेवढं मूर्तिकाराच्या पदरचं. आपण मात्र ‘हाच तो’ म्हणून मोकळे होतो.

या लढाईचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. उत्तरेनं केलेली दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी फोडायला दक्षिणेची ‘व्हर्जिनिया’ निघाली होती. आदल्याच दिवशी तिनं उत्तरेच्या दोन लाकडी युद्धनौका संपवल्या होत्या. उत्तरेची ‘मॉनिटर’ आडवी आली आणि नाकेबंदी टिकली. अमेरिकेचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं, आणि कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५मध्ये युद्ध संपलं तसा तो ओसरला आणि भलेभले बुडाले. त्या चढउताराचा एक धागा या पोराच्या जहाजापर्यंत जातो.

जहाज लढायला भक्कम, पण खोल समुद्रात दुबळं. डेक पाण्यावर जेमतेम दीड फूट. १८६२च्या डिसेंबरअखेर ‘ऱ्होड आयलंड’ या जहाजानं ‘मॉनिटर’ला दोरांनी ओढत दक्षिणेकडे नेलं. केप हॅटरसजवळ वादळ उठलं. बुरुजाच्या बुडाशी फटीत दोरखंडाचा चोथा ठासला होता, तो लाटांनी धुऊन नेला आणि पाणी आत शिरलं. पंप हरले. बुरुजावर मदतीसाठी लाल कंदील टांगला गेला. ३१ डिसेंबरच्या पहाटे एकच्या सुमारास तो दिसेनासा झाला. १६ जण गेले. १९७७मध्ये अवशेषांतून पहिली वस्तू वर आली ती हाच कंदील.

मेलेल्यांत बफेलोचा २१ वर्षांचा जेकब निक्लिस होता. तो लढाईनंतर, नोव्हेंबरात जहाजावर आला. हॅटरसला वळसा घालताना हाल होतील असं त्याच्या कानावर आलं होतं, आणि त्यानं ते वडिलांना कळवलंही होतं. धाकटा सांगाडा त्याचा असावा, असा अनेकांचा होरा. डीएनएनं अजून ‘हो’ म्हटलेलं नाही.

मला वाटतं, घाई करूही नये. २०१३च्या ८ मार्चला दोघांना आर्लिंग्टनच्या दफनभूमीत निरोप दिला गेला, तेव्हा दगडावर नावं कोरली ती सोळाही जणांची. त्यात रॉबर्ट कुक, रॉबर्ट हॉवर्ड, डॅनियल मूर हे कृष्णवर्णीय खलाशीही आले. त्यांची हाडं कुणाला सापडली नाहीत, मातीचा चेहरा कुणी घडवला नाही. दोघांना नाव मिळालं नाही म्हणून सोळा जण एका दगडावर आले. हा न्याय मला चेहऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

त्या रात्री डेकवरून लाटा धावत होत्या. बाहेर पडायची वाट एकच: शिडीनं बुरुजात चढायचं आणि छतातल्या झडपेतून वर निघायचं. पोरगा शिडी चढला होता, बुरुजात पोचला होता. मग जहाज उलटलं, बुरूज निखळून तळाशी पालथा पडला. ज्या झडपेतून आभाळ दिसायचं, ती त्याच्या पायाखाली वाळूत रुतली.