ओळ कुठली, ते दाखव

'श्यामच्या आईचे गुण लिहा' असं फळ्यावर लिहिलं, की सगळ्या वह्यांत एकच उत्तर येतं: प्रेमळ, कष्टाळू, संस्कारी. साने गुरुजींचं 'श्यामची आई' न उघडताही हे लिहिता येतं आणि माझी तक्रार तिथेच आहे. मी डोंबिवलीत राहते, कल्याणच्या एका शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. कृतिपत्रिकेने मुलांना चौकटी भरायला आणि आकृतिबंध पूर्ण करायला तयार केलंय. स्वमतसुद्धा गाईडमधून पाठ होतं. कादंबरी वाचणं मात्र वेगळं. त्यासाठी मुलाचं बोट पानावरच्या एखाद्या ओळीवर टेकावं लागतं. 'असं का वाटलं तुला? कुठल्या ओळीवरून?' माझा सगळा तास या दोन प्रश्नांवर चालतो.

साधनं म्हणाल तर फार लागत नाहीत. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे २०११ पासून 'श्यामची आई' सर्वांना खुलं आहे. हवं ते प्रकरण मोठ्या अक्षरात, रुंद समास सोडून छापावं आणि प्रत्येकाच्या हातात द्यावं. छापील पुस्तकावर रेघ मारायला मुलं कचरतात, स्वतःच्या झेरॉक्सवर बिनधास्त खुणा करतात. सोबत निळी आणि लाल अशा दोन पेन्सिली.

या पुस्तकाची बांधणीच शिकवण्यासारखी आहे. त्याचा बराचसा भाग नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहिला गेला. आश्रमात मोठा श्याम मित्रांना रोज रात्री आठवणी सांगतो, म्हणून प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय. अशा बेचाळीस रात्री. त्यामुळे पानावर दोन श्याम असतात: पालगडचा छोटा पोर आणि त्याच्याकडे वळून बघणारा जाणता माणूस. पोराने पाहिलं, भोगलं ते निळ्याने. मोठ्याने नंतर घातलेली समजूत लाल रंगाने.

यासाठी मी 'श्यामचे पोहणे' घेते. विहिरीला घाबरून श्याम लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारते. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलाच्या तलावात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पोहायला शिकलेल्या मुलांना आधी विहिरीची भीतीच कळावी लागते, म्हणून कठडा, आतला अंधार, वरून बघणारी माणसं यांवर बोलणं होतं. मग पेन्सिली चालू लागतात. मार बसतो त्या ओळी सगळ्यांच्या निळ्या होतात. पुढे आईचं मन उलगडतं तिथे मात्र वर्ग फुटतो. एकदा एका मुलीने तिथली एक ओळ निळी केली आणि तिच्यावरच लाल रेघ ओढली. 'हे त्याला तेव्हा थोडंसं कळलं होतं आणि आता पूर्ण कळलंय,' ती म्हणाली. निवेदक म्हणजे काय, हे त्या कागदाइतकं स्वच्छ मला कुठल्या व्याख्येत सापडलेलं नाही.

'पण मारणं चूक ना, बाई?' हा प्रश्न दरवर्षी येतो आणि यायलाच हवा. मी त्याला उत्तर देत नाही, काम देते: हाच प्रसंग आईच्या तोंडून दहा ओळींत लिहा. लिहिताना मुलांच्या लक्षात येतं, की आईच्या मनातलं बरंचसं आपण गृहीत धरलं होतं, पानावर ते नव्हतं. संस्कारांचं पुस्तक म्हणून त्याला नुसता नमस्कार केला, तर ही चर्चा कधी होतच नाही. त्यात मला त्या पुस्तकाचा अपमान वाटतो.

आचार्य अत्र्यांचा याच पुस्तकावरचा १९५३चा चित्रपट मी प्रकरण वाचून झाल्यावरच दाखवते, नाहीतर त्यात आई झालेल्या वनमालाबाईंचा चेहरा शब्दांच्या आधी येऊन बसतो. शिक्षकाला स्वतःच्या तयारीसाठी माधुरी पुरंदरे यांचे 'वाचू आनंदे'चे भाग फार उपयोगी. उताऱ्याशी खेळत कसं वाचायचं, ते त्यातून कळतं. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर मोफत आहेत. आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. एवढ्या जुन्या कपाटांच्या गावात राहून मुलांनी कादंबरी फक्त धड्यातल्या तुकड्याएवढीच पाहावी, हे मला पटत नाही.

दुसऱ्या सत्रात भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' येतो. तिथे लाल पेन्सिल अडते, कारण बनेश, म्हणजे फास्टर फेणे, स्वतःची गोष्ट सांगत नाही. सांगणारा बाहेर उभा आहे. मग प्रश्न बदलतो: लेखकाला ठाऊक असलेलं त्याने आपल्यापासून कुठवर लपवलं? ज्या ओळीला गुपित फुटतं तिच्यापाशी मुलं फुली मारतात आणि तिथून मागे जात खुणा शोधतात. सातवीतल्या मोठ्या वाचकांना मी प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधली एखादी कथा देते. त्यातला मुलगा लंपन स्वतःच बोलतो, पण मोठेपणीची समजूत मध्ये घालत नाही. पानभर निळंच निळं होतं, आणि लाल रंगाचं काम वाचणाऱ्याला स्वतः समासात करावं लागतं.