पुन्हां पहिला पाठ

बॅले ही बालवयांतच शिकावयाची विद्या आहे, असा सर्वत्र समज आहे. आणि रंगभूमीवरील व्यवसायापुरता तो खराही आहे. परंतु लहानपणीं ही नृत्यकला शिकलेली, पुढें नोकरी व अपत्यसंगोपन यांत वीस-पंचवीस वर्षें गुंतून पडलेली स्त्री पन्नाशीच्या सुमारास पुन्हां तिच्याकडे वळली, तर त्यास खूळ म्हणावें काय? पाश्चात्त्य देशांत अशा स्त्रिया आज पुष्कळ आहेत. लंडन येथें १९२० सालीं स्थापन झालेल्या 'रॉयल अकॅडमी ऑफ डान्स' या संस्थेनें तर पंचावन्न वर्षांपुढील मंडळींसाठीं 'सिल्व्हर स्वॅन्स' नांवाचे वर्गच सुरू केले आहेत.

या वर्गांत पाठ जुनेच असतात. भिंतीलगतच्या दांडीस हात टेकून प्रथम गुडघे लवविणें, मग पाऊल जमिनीवरून सरकवीत नेणें, हा क्रम बालिकेस व प्रख्यात नर्तकीस एकच. क्रियांचीं नांवें जगभर फ्रेंच. कारण या कलेस शास्त्राची शिस्त चौदाव्या लुई राजाच्या आश्रयानें लागली, व त्यानेंच १६६१ सालीं पॅरिस येथें नृत्याची राजमान्य परिषद स्थापिली. 'प्लिये' हा शब्द कानीं पडतांच वीस वर्षांनंतरही गुडघे आपोआप लवतात. बाळपणीं घोकलेलीं शब्दरूपें साठींतही जिभेवर येतात, तसेंच हें. अंगीं मुरलेल्या हालचालींचें स्मरण मज्जासंस्था फार काळ जतन करते.

परंतु स्मरण शाबूत असलें तरी शरीर तेंच नसतें, आणि धोका नेमका येथें आहे. बॅलेंत पावलें बाहेरच्या बाजूस वळवितात तीं खुब्याच्या सांध्यांतून. खुबा पूर्वीइतका वळेना म्हणून जी स्त्री गुडघा पिळून पावलें फांकविते, ती गुडघा गमावून बसते. बाळंतपणानें पोटाचे व ओटीपोटाचे स्नायू सैल झालेले असल्यास ते बळकट झाल्यावांचून उड्या मारूं नयेत. आणि बोटांच्या अग्रांवर उभें राहण्याचे जोडे तर सर्वांच्या शेवटीं. इतकें संभाळलें म्हणजे लाभही मोठा: तोल सुधारतो, व भार पेलणाऱ्या व्यायामानें हाडें बळकट राहण्यास साहाय्य होतें.

व्यवसायांतही एक अपवाद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मिलान येथें १९६३ सालीं जन्मलेल्या अलेस्सांद्रा फेरी या, दोन मुलींची माता असलेल्या, विख्यात नर्तकीनें २००७ सालीं रंगभूमीचा निरोप घेतला होता. २०१३ सालीं त्या परतल्या. २०१५ सालीं लंडनच्या 'वुल्फ वर्क्स' या बॅलेंत त्यांनीं प्रौढ स्त्रीचें अंतरंग उभें केलें. आणि पुढील वर्षीं न्यूयॉर्क येथें, वयाच्या ५३ व्या वर्षीं, त्या ज्यूलिएट म्हणून नाचल्या.

सामान्य स्त्रीस यांतलें कांहींच नको असतें. तिला टाळ्या नकोत, प्रशस्तिपत्र नको. गृहिणीचा प्रत्येक तास कोणाच्या तरी उपयोगीं पडलाच पाहिजे, ही आपणां सर्वांची न बोललेली अपेक्षा असते. आणि बहुतेक विद्या वयानें नव्हे, तर या अपेक्षेनें सुटतात. मग ती विद्या बॅले असो वा आपल्याकडील सतार. म्हणून आमची कुटुंबांतील पुरुषमंडळींस एवढीच विनंति, कीं तिनें आठवड्यांतला एक तास स्वतःकरितां राखून ठेविला, तर त्या तासांत तिला हांक मारूं नये.