लेझर नको, मिल बघा!

लाइट अँड साउंडचं काही करायचं म्हटलं की हॉस्टेलवर एकच ओरड – डीजे आणा, लेझर आणा! मित्रहो, जालन्यात राहून? मला कल्पना सुचली ती एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये. (परवानगी काढूनच जा, बरं का.)

भट्टीतून निघालेलं बिलेट साधारण ११०० अंश सेल्सिअसला पिवळट-नारिंगी दिसतं. रोलमधून धडधडत जाताना ते बारीक आणि लांब होतं. लोखंड निवेल तसा रंग लालकडे झुकतो. जुने कामगार रंगावरूनच ताप ओळखतात. खरी गंमत टीएमटी सळईची! शेवटच्या रोलनंतर पाण्याचा जोरदार मारा होतो, वरचं कवच एकदम काळवंडतं. पण गाभा तापलेलाच असतो. ती आतली उष्णता बाहेर येऊन कवच पुन्हा तापवते.

आमच्या अंधाऱ्या वर्कशॉपमध्ये हेच करायचं. दोन्ही बाजूंना एलईडीच्या पट्ट्या, त्यांच्यालगत छोटे स्पीकर. उजेड पुढे सरकेल तसा आवाजही एका स्पीकरवरून दुसऱ्यावर सरकला पाहिजे, नाहीतर तो नुसता गोंगाट. मग फुस्स, काळोख, आणि हळूहळू आतून उमटणारा लाल उजेड.

उष्णता मात्र आणता येत नाही, आणि कामगाराची अख्खी शिफ्ट तर तिच्यातच जाते. म्हणून प्रयोगाच्या वेळी पंखे बंद ठेवावेत, असं माझं मत आहे. कमिटीत त्यावरून भांडण चालू आहे.