औषध सोडण्याची रीत

औषध कसे घ्यावे हे डॉक्टर सांगतात. ते कसे सोडावे याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो. खोकल्याच्या औषधाबाबत तिची गरजही नसते. बाटली संपली, काम संपले. परंतु मनाच्या उदासीवर, ज्याला आता आपण सर्रास डिप्रेशन म्हणतो त्यावर, जी गोळी दोन-दोन, पाच-पाच वर्षे पोटात जाते, तिचा निरोप इतका सोपा नसतो.

समजा, एका गृहस्थांनी चार वर्षे अशी गोळी घेतली. झोप सुधारली, कामात लक्ष लागू लागले. मग मुलीचे लग्न ठरले. व्याह्यांच्या नजरेस गोळ्या पडू नयेत म्हणून त्यांनी त्या एका दिवसात बंद केल्या. तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, रात्री भयंकर स्वप्ने, विनाकारण रडू. आणि नजर इकडून तिकडे वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसावा तशी झिणझिण. घरच्यांनी निदान केले, 'आजार उलटला.' गोळी पुन्हा सुरू झाली, आणि आता ती जन्माची, हा समज पक्का बसला.

पण आजार उलटतो तो सहसा हळूहळू, कित्येक आठवड्यांनी. औषध सुटल्याचा त्रास बहुधा थोड्याच दिवसांत सुरू होतो, आणि त्यात मूळ आजारात कधीच नव्हती अशी लक्षणे असतात. उदासीत माणूस खचतो. त्याच्या डोक्यात विजा चमकत नाहीत. गोळी परत घेतली की हा त्रास बहुधा लवकरच निवळतो. आजार मात्र इतक्या झटपट हटत नाही. ही खूण दर वेळी स्वच्छ दिसते असे नाही. त्रास उशिरा सुरू होणारे आणि महिनोन् महिने भोगणारे लोकही आहेत.

गोष्ट नवी नाही. स्वित्झर्लंडच्या डॉ. रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा उदासीवरील गुण १९५७ साली प्रसिद्ध केला, आणि १९५९ सालीच ते थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाची नोंद झाली. तरीही पुढे कित्येक वर्षे 'आठवडा-दोन आठवड्यांची किरकोळ बाब' म्हणून रोग्यांची समजूत काढली गेली. ब्रिटनमधील मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ साली हे मत बदलले. काहींना त्रास तीव्र आणि दीर्घ होतो, हे मान्य झाले. रोगी हेच सांगत होते. ऐकायला वेळ लागला.

किती जणांना होतो? २०२४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. औषध सोडणाऱ्यांत सुमारे ३१ टक्के लोकांनी लक्षणे सांगितली. पण ज्यांना नुसती लुटूपुटूची गोळी दिली होती त्यांतही सुमारे १७ टक्क्यांनी सांगितली. म्हणजे धास्तीचाही वाटा आहे. तीव्र त्रास अंदाजे ३५ जणांत एकाला. मात्र यातील बहुतेक अभ्यास थोडे महिने औषध घेतलेल्यांचे होते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी या आकड्यांवर विसंबून गाफील राहू नये.

आता कारण पाहू. सिरोटोनिन नावाचे द्रव्य मेंदूतील पेशी बाहेर सोडतात व परत ओढून घेतात. ही परत ओढणारी दारे गोळी अडवून धरते. मेंदू त्या व्यवस्थेशी जुळवून घेतो; दारे एकदम उघडली की त्याचा तोल जातो. याला व्यसन म्हणू नये. व्यसनात हाव असते, मात्रा वाढवत नेण्याची ओढ असते. येथे तसे काही नाही.

खरी मेख मात्रेत आहे. आमटीत पहिली चिमूट मीठ पडताच चव पालटते. पाचव्या चिमटीने तेवढा फरक पडत नाही. सिटॅलोप्रामची २० मिलिग्रॅम मात्रा सुमारे ८० टक्के दारे अडवते, आणि ९ मिलिग्रॅमही जवळजवळ ७० टक्के अडवते. सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास देखील ४० टक्के दारे बंदच असतात. म्हणजे वीसवरून नऊवर येणे ही लहान पायरी, आणि सव्वादोनवरून शून्यावर उतरणे हा मोठा खड्डा! अर्धी, मग पाव, मग बंद, ही आपली नेहमीची रीत शेवटीच का फसते, ते यावरून ध्यानात येईल. उतरावे हळूहळू, आणि जसजसे खाली यावे तसतशी पायरी लहान करावी. वर्षानुवर्षे गोळी घेतलेल्याला यास काही महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. एका पायरीवर त्रास झाला तर तेथेच थांबावे, किंवा एक पायरी वर जावे. त्यात हार नाही.

हे सारे डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे. काही औषधे पातळ स्वरूपातही असतात. त्यांची लहान मात्रा मोजणे सोपे जाते. हळूहळू विरघळणारी गोळी मात्र चाकूने कापू नये. लग्नकार्य, परीक्षा, बदली अशा धामधुमीत आरंभ करू नये. रोज दोन ओळी टिपून ठेवाव्यात. स्मरणशक्ती या कामी फार लबाड असते.

आणि प्रत्येकाने गोळी सोडलीच पाहिजे असेही नाही. बरे वाटत असलेल्या दीर्घकालीन रोग्यांचा ब्रिटनमधील एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना आजार परतला, सोडणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना. याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की सोडणाऱ्यांपैकी ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले. ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरांशी बसून हिशेब करावा. मनात जीव देण्याचे विचार येऊ लागले तर मात्र हिशेब करीत बसू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

'एक दिवसाआड घेतली तर चालेल का?' असा प्रश्न या विषयावर हमखास येतो. बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत नाही. त्यांचा अंमल एका दिवसात बराच उतरतो; मग रोग्याला एका दिवशी पूर्ण गोळी आणि दुसऱ्या दिवशी उपास, असे हेलकावे बसतात. फ्लुओक्सेटिन शरीरात कित्येक दिवस टिकते, तेवढा त्याचा अपवाद.