नवी बॅटरी : वापरण्याआधी एवढं करा

"नवीच तर आहे, पडून राहिली म्हणून काय बिघडतं?" असं आपल्याला वाटतं. पण लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते. तशीच राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती पुरती चार्ज होत नाही.

ॲसिड भरलेली बॅटरी थंड, कोरड्या जागी उभी ठेवा. महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा.

कोरड्या (ड्राय चार्ज) बॅटरीचं सील आधीच काढू नका; ओलसर हवेने प्लेटा खराब होतात. वापरायच्या वेळी लेबलावर सांगितलेल्या विशिष्ट गुरुत्वाचं तयार ॲसिड खुणेपर्यंत भरा. अर्धा तास थांबा, पातळी पुन्हा बघा, मग सावकाश चार्ज करा. पुढे पातळी कमी झाली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, जवळ काडी ओढू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलांना लांब ठेवा. विज्ञानाच्या तासाला आपण सांगतो ना, आम्लात पाणी ओतू नये? त्याचं कारण हेच ॲसिड : ते संहत असेल, तर पाणी पडताच उकळून अंगावर उडतं.